एकाचीच शपथ

“शपथ घ्यायची नाही. घ्यायचीच वेळ आली तर एकाचीच घ्यायची. आणि त्याचं नाव घ्यायच्या आधी थुंकी गिळायची, म्हणजे तोंडातला शब्द पोटात जाऊन परत येतो.”

हाजराखाला हे म्हणाली तेव्हा आम्ही पोरं तिच्या पडवीत कुराणाचे सिपारे उघडून बसलो होतो आणि आमच्यात एका कैरीचा खटला चालू होता. ओट्यावर वाळत घातलेल्या कैऱ्यांतली एक मोठी फोड गेली होती. जैतूननं आईची शपथ घेतली. तिच्या भावानं पिराची घेतली. मला आई नव्हती आणि पिराची भीती वाटायची, म्हणून मी आमच्या म्हशीची शपथ घेतली.

“म्हशीनं तुझं काय घोडं मारलंय गो?” खाला म्हणाली. पोरं खिदळली. तीही हसली, आवाज न करता. मग म्हणाली, “आईला कोणी बनवलं? पिराला कोणी बनवलं? म्हशीला कोणी? मग ज्यांना बनवलंय त्यांना कशाला मध्ये ओढता? बनवणारा एकच आहे, बघणाराही तोच. त्याला नाही का दिसली कैरी?”

कैरी कोणी खाल्ली ते कळलं नाही. खालानं पुन्हा विचारलंही नाही.

खाला म्हणजे मावशी, पण ती आमची नात्यातली कोणी नव्हती. शेजारीण. नवरा खलाशी होता, तो दर्यात गेला तो आलाच नाही. मूलबाळ नाही. गावातली पोरं तिच्या पडवीत अरबी अलिफ-बे शिकायची, आणि बदल्यात कोणी तांदूळ, कोणी मासळी आणून द्यायचं. पहाटेच्या फजरच्या नमाजापासून ऊन ओट्यावर चढेपर्यंत ती कोणाशी एक शब्द बोलायची नाही. हा तिचा रोजचा नेम. कोणी दारात आलं तर हातानं ‘बस’ म्हणायची. “दिवस ज्याचा, दिवसातलं पहिलं बोलणं त्याच्याशी व्हायला हवं,” असं तिचं म्हणणं. आज तो नेम माझाही आहे.

आमचं सावरेखोल गाव खाडीच्या काठावर. काठालाच पिराचा दर्गा. गावातल्या होड्या बंदरातून निघताना पिराच्या बाजूला वळून मग दर्याकडे तोंड करायच्या. आमचे लोक तसं करायचे, कोळी करायचे, भंडारी करायचे. गावात कुठलाही तंटा झाला की दोन्ही बाजूंना दर्ग्यात नेत. कबरीवरच्या हिरव्या चादरीवर उजवा हात ठेवायचा, समोर तेलाचा दिवा, आणि म्हणायचं, “खोटं बोलत असेन तर पीर मला बघून घेईल.” खोटं बोलणाऱ्याची होडी वर्षाच्या आत बुडते, असा समज होता. बुडलेल्या होड्यांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या. न बुडलेल्यांच्या कोणी सांगत नसे.

मी लग्नाच्या वयाची झाले आणि बाबांनी अंथरूण धरलं. घरात आम्ही दोघंच. मी खाडीपलीकडे औषधाला जायची तेव्हा खाला त्यांच्या उशाशी येऊन बसायची, पेज भरवायची. बाबा गेले त्या दुपारीही मी होडीतच होते. परत आले तर ओट्यावर माणसं जमलेली, आणि माजघराच्या दारात याकूबचाचा, बाबांचा धाकटा भाऊ, डोळे पुसत उभा.

खालानं मला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “तुझे बाबा बोलून गेले, पोरी. याकूबचा हात हातात धरून बोलले. याकूब, डोंगरावरची कलमांची बाग तू घे, अख्खी. घर माझ्या सफूला राहू दे, अख्खं. याकूब म्हणाला, राहिलं भाईजान, अल्ला साक्षी. मग त्यांनी डोळे मिटले.”

मी चाचाकडे बघितलं. त्यानं मान हलवली की नुसती खाली घातली, ते मला आजही सांगता येत नाही.

बाबांचा चाळीसावा दिवस झाल्यावर चाचा आला. ओट्यावर बसला, माझ्या हातचा चहा प्याला आणि कप खाली ठेवत म्हणाला, “सफू, सामान आवरून ठेव. मामा येतोय तुझा न्यायला.”

“कुठे न्यायला?”

“मामाकडे. घर तुझ्या आज्याच्या, माझ्या अब्बांच्या नावावर आहे. त्यांचा मुलगा आता मीच उरलोय.”

“आणि बाबांना शब्द दिलात तो?”

“कुठला शब्द?” इतक्या सरळ चेहऱ्यानं त्यानं विचारलं, की माझ्या मागे दुसरं कोणी उभं आहे का हे मी वळून पाहिलं.

मी जमातीकडे गेले. जमातीचे सदर, म्हणजे प्रमुख, तेव्हा हसनमिया मुकादम होते. शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांनी सगळ्यांना दर्ग्याच्या आवारात बोलावलं. पुरुष फरशीवर बसले. आम्ही बायका बाजूला, चाफ्याखाली. मी खालाला चिकटून उभी होते. मला भीती वाटत नव्हती. खाला खोटं बोलत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत असे.

मुकादम म्हणाले, “साक्षीदार एकच आहे. समोर सख्खा भाऊ. तो म्हणतो, असं काही बोलणं झालंच नाही. मग शपथेशिवाय मार्ग नाही. काय खाला?”

“घेते ना,” खाला म्हणाली. “आत्ता हातपाय धुऊन वजू करते आणि मशिदीच्या पायरीवर उभी राहून अल्लाची शपथ घेते.”

“थांबा जरा.” मुकादमांनी हात वर केला. “अल्लाची शपथ बंदरावर मासळीवाला पण घेतो. पापलेट कालचं असतं, शपथ आजची असते.”

पुरुष हसले. मुकादमांना ते आवडलं.

“अल्ला रहमवाला आहे, खाला. माफ करून टाकतो. म्हणून माणसं त्याच्या नावावर खुशाल खोटं बोलतात. आपला पीर माफ करत नाही. या इथे चादरीवर हात ठेवा आणि सांगा. दोन शब्दांचं काम आहे. घर पोरीचं.”

खालानं थुंकी गिळलेली मला दिसली.

“मुकादम,” ती म्हणाली, आवाज तसाच बारीक, “तुम्ही काय बोललात ते तुम्हाला ऐकू आलं का? ज्याच्याकडे माफी आहे त्याची भीती नाही, आणि ज्याला स्वतःलाच माफी लागणार त्याची भीती आहे?”

“वहाबन झाली ही, पीर न मानणारी,” मागून कोणीतरी म्हणालं.

“पिराला मी वाईट म्हणत नाही. नेक माणूस होता. माझ्याहून चांगली नमाज पढत असेल. पण कयामतीच्या दिवशी तोही त्याच दारात उभा राहणार जिथे मी उभी राहणार. रांगेतल्या माणसाला मी मालक कशी म्हणू?”

“मालक कोण म्हणतंय? नुसता हात ठेवायचाय.”

“हात ठेवायचा आणि म्हणायचं, हा मला बघून घेईल. बघणारा एक आहे, मुकादम. पोरांना मी हेच शिकवते. तुमच्याही पोरांना शिकवलं.”

तोवर मला ही नुसती बोलाचाली वाटत होती. आता कळलं, ती हात ठेवणार नाही. मी तिची ओढणी ओढली. “खाला, म्हणून टाका ना. मनात अल्ला ठेवा, तोंडानं पीर म्हणा.”

“मनात एक आणि तोंडात दुसरं, हेच तर याकूब करतोय गो.”

“माझं घर जातंय, खाला.”

“दिसतंय मला.” तिचा हात माझ्या मनगटावर होता. “अल्लाच्या नावानं मी आत्ता, इथे, हवं तितक्या वेळा सांगते. याकूबनं शब्द दिला. मी ऐकला. पण तुझ्या घरासाठी त्याच्या शेजारी दुसऱ्याला नेऊन बसवू? तसं मला जमणार नाही, पोरी. मला माफ कर.”

मुकादमांनी चाचाकडे पाहिलं. “याकूब?”

चाचा उठला. त्यानं चपला काढल्या, हौदावर पाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला. कबरीजवळ जाऊन हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “भाईजानला मी घराचा शब्द दिलेला नाही. खोटं बोलत असेन तर पीर मला बघून घेईल.”

सगळे दिव्याकडे बघत होते. दिवा छान जळत होता.

“मिटलं,” मुकादम म्हणाले.

दर्ग्याच्या पायऱ्या उतरताना मी खालाला म्हटलं, “तुम्ही तुमचा अल्ला राखलात. घर माझं गेलं.”

“अल्लाला कोणी राखत नाही, पोरी,” ती म्हणाली. आणि खाली उतरत राहिली. मला तिनं भांडायला हवं होतं. रडायला तरी हवं होतं.

मी मामाकडे चिपळूणला गेले. बिनघराच्या मुलीला जसं स्थळ येतं तसं आलं. नवरा बिजवर, शिंप्याचं काम करायचा, पहिलीची दोन मुलं. माणूस वाईट नव्हता. पण दर वेळी घरमालकाच्या बायकोनं नळावरून बोलणी सुनावली की मला चाफ्याखाली माझ्या मनगटावर ठेवलेला तो हात आठवायचा, आणि माया नाही, राग यायचा.

गावाकडून बातम्या यायच्या. गावानं वर्षभर चाचाच्या होडीकडे डोळे लावले. होडी बुडली नाही. उलट त्यानं दुसरी घेतली. डोंगरावरच्या कलमांना त्या साली फांद्या मोडतील इतका मोहोर आला. पीर रागावला नाही, म्हणजे याकूब खरा. याकूब खरा, म्हणजे हाजरा खोटी. लोकांनी आपली पोरं तिच्या पडवीतून काढून दुसरीकडे घातली. तांदूळ बंद झाले, मासळी बंद झाली. ती गोधड्या शिवायला लागली. पडवी मात्र रोज सारवून ठेवायची, असं जैतूननं मला सांगितलं.

मी तिला भेटले ती शेवटच्या आजारपणातच. राग होता तरी गेले. कौलांतून पाणी गळून भिंतीला ओघळ पडले होते. तिनं मला हातानं ‘बस’ म्हटलं, कारण अजून ऊन ओट्यावर आलं नव्हतं. तशी मरायला टेकली होती, पण नेम मोडला नाही. मी बसून राहिले. ऊन आलं तेव्हा म्हणाली, “सफू, घराचं दुःख गेलं नाही ना तुझं?”

“नाही.”

“माझंही नाही.” मग म्हणाली, “एक काम करशील? मी गेल्यावर माझ्या कबरीवर माती आणि उशाला एक दगड. बस. चादर नको, फूल नको, दिवा नको. कोणी घातलं तर काढायचं. जबान दे.”

मला हसू आलं, कडूच. “खाला, तुमच्या कबरीवर चादर घालायला या गावातलं कोण येणार आहे?”

ती पण हसली, तशीच, आवाज न करता. “माणसांचा काय भरवसा.”

मी थुंकी गिळली. मग अल्लाचं नाव घेऊन जबान दिली. ती म्हशीची सोडली तर जन्मात तेवढी एकच शपथ घेतली मी. आठवडा सरायच्या आत ती गेली. जमातीनं तिला कबरस्तानात खाडीकडच्या कुंपणाशी जागा दिली, जिथे भरतीचं पाणी मातीत झिरपतं.

मग बरीच वर्षं गेली. नवरा गेला, मुलं मुंबईला लागली. तिच्या त्या नेमाला मी केव्हा लागले ते माझं मलाच कळलं नाही. सोमवार-गुरुवारचे रोजे लागले, हातात तस्बीहची माळ आली. आणि एक दिवस याकूबचाचाच्या सुनेचा, नसीमचा, फोन आला. “सफूआपा, अब्बांना घशाचा आजार झालाय. तुमचं नाव घेतायत. या एकदा.”

मी गेले. चाचाला माजघरात निजवलं होतं. बाबा जिथे गेले, त्याच खोलीत, त्याच खिडकीखाली. आवाज घोगरा झाला होता, कान जवळ न्यावा लागायचा.

“सफू, तुला एक ठाऊक नाही,” तो म्हणाला. “त्या जुम्म्याच्या आदल्या दिवशी मी मुकादमांकडे गेलो होतो. अल्लाची शपथ नको, पिराची घ्यायला लावा, हे मीच सांगितलं.”

“का?”

“अल्लाची घेतली असती तर सगळ्यांनी मानलं असतं. मला तोंड उघडता आलं नसतं. पिराची ती घेणार नाही, जीव गेला तरी घेणार नाही, याची मला खात्री होती.” त्यानं दम घेतला. “एवढी खात्री मला माझ्या स्वतःच्या नमाजाची नव्हती.”

गावानं तिच्यावर विश्वास ठेवला नाही, मी तिच्यावर राग धरला. तिच्या ईमानावर अख्ख्या गावात भरवसा टाकला होता तो एकट्या याकूबचाचानं, आणि त्या भरवशावर माझं घर लुटलं होतं.

“आणि पिराची भीती नाही वाटली तुम्हाला, हात ठेवताना?”

“मेलेल्या माणसाची कसली भीती? माझ्या पोरांना तिनंच शिकवलं होतं ना. घरी येऊन पाठ करायची, मी ऐकायचो.”

ईमानाच्या कलम्याचा पहिला अर्धा भाग त्याला येत होता. कोणी ईश्वर नाही. त्याच्या पुढचं, ‘अल्लाशिवाय’, त्यानं कधी म्हटलंच नव्हतं.

“घराचं काय, चाचा?”

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. “घर आता पोरांच्या नावावर आहे. त्यांच्याशी मी काय बोलू? तू मला माफ कर. बस.”

“माझं मी बघते. पण तिचं?”

“तिची तजवीज केलीय मी,” चाचा म्हणाला, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. “गेल्या महिन्यात तिच्या कबरीवर चादर घातली. मखमली. मुंबईहून मागवली. तुला बरं वाटेल ऐकून.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नसीम भाकऱ्या थापत होती. तिच्याकडून बाकीचं कळलं. आपली शपथ खोटी होती हे अब्बांनी बोलून दाखवलं, मग गावभर झालं. खोटं बोलणाऱ्याचा गळाच धरला म्हणे हाजराबीनं. बायका गुरुवारी दिवा लावायला लागल्या. कोणाच्या मुलाचं काम झालं, कोणाच्या सुनेला दिवस गेले.

“आमच्या तौफीकचा दुबईचा व्हिसा अडला होता ना, मी तिथे दोरा बांधला. आठवड्यात आला,” नसीम म्हणाली. “आणि मुकादमांचा मुलगा सदर आहे आता. तो म्हणतो, यापुढे तंट्यात शपथ हाजराबीच्या कबरीवर घ्यायची. पिरापेक्षा कडक आहे ती.”

तिनं भाकरी उलटली. “तुमच्या तर शेजारच्याच होत्या ना त्या? केवढं नशीब तुमचं, आपा. तुम्ही काय मागितलं तर नाही म्हणणार नाहीत.”

“मी तिच्याकडे एकदाच मागितलं होतं,” मी म्हटलं.

“मग? मिळालं?”

“नाही.”

नसीमला ते खोटं वाटलं असावं. ती पुढच्या भाकरीचं पीठ मळायला लागली.

रात्री माझं अंथरूण माजघरालगतच्या खोलीत घातलं होतं. पाहुणीसाठी ठेवलेली नवी चादर होती. मी माझ्या घरात पाहुणी होते. फजरची अजान झाली तशी उठले, वजू केला, नमाज पढले. त्या दिवशी मागणं असं काही मागितलं नाही. नुसती त्याच्यासमोर बसून राहिले.

ओट्यावर आले तेव्हा उजाडत होतं. खाडीवर धुकं होतं आणि ओहोटी लागली होती. नसीम मागोमाग आली. मी कोणत्या बाजूला बघतेय ते तिनं पाहिलं.

“हाजराबीकडे निघालात ना? मला वाटलंच. थांबा.” ती आत गेली आणि मोगऱ्याचा गजरा, लोबान धुपाचा पुडा, काडेपेटी घेऊन आली. “हे न्या. आणि अब्बांसाठी पण मागा काहीतरी. तुमचं ऐकतील त्या.”

ऊन अजून ओट्यावर यायचं होतं. माझा नेम चालू होता. मी गजरा घेतला, पुडा घेतला, काडेपेटी घेतली, आणि तिन्ही ओट्याच्या कडेला, बाबा चहाचा कप ठेवायचे तिथे, एकेक करून ठेवले. दोन्ही तळहात उघडून तिला दाखवले.

“रिकाम्या हातानं जाणार?” नसीम म्हणाली.

मी होकाराची मान हलवली. जबान दिली होती, चादर काढायला हात मोकळेच हवे होते. पायांत चपला सरकवल्या आणि खाडीकडच्या कुंपणाच्या वाटेला लागले.